खार्तूमचा नकार

उर्दू शाळेत सातवी-आठवीत शिकणाऱ्या मुलांना आज आफ्रिकेचे फुटबॉलपटू तोंडपाठ असतात. इजिप्तचा मोहम्मद सलाह, सेनेगलचा सादिओ माने, मोरोक्कोचा अशरफ हकीमी ही नावे त्यांना आपल्या मोहल्ल्यातल्या मुलांइतकी जवळची वाटतात. गोल केल्यावर मैदानात सजदा करणारा माने तर त्यांचा विशेष लाडका. हे खेळाडू आपापल्या देशासाठी ज्या स्पर्धेत उतरतात, त्या आफ्रिकी राष्ट्रचषकात २०१९ पासून चोवीस संघ खेळतात. मात्र हा चषक पहिल्यांदा खेळला गेला तेव्हा, म्हणजे फेब्रुवारी १९५७ मध्ये, मैदानात उतरले ते फक्त तीन संघ, आणि अख्ख्या स्पर्धेत सामने झाले दोन. कार्यक्रमपत्रिकेवर चौथ्या संघाचेही नाव होते. त्या संघाने येण्यासाठी एक अट घातली आणि बाकीच्या तिघांनी ती अट नाकारली. त्या नकाराचा इतिहास आपल्याकडे फारसा कोणी सांगत नाही. तो सांगण्यासारखा आहे, कारण त्यात खेळ थोडा आणि माणुसकीची परीक्षा जास्त आहे.

जून १९५६ मध्ये पोर्तुगालच्या लिस्बन शहरात जागतिक फुटबॉल महासंघाचे, म्हणजे फिफाचे अधिवेशन भरले होते. तिथे आफ्रिकेतील चार देशांचे प्रतिनिधी एकत्र बसले आणि आपल्या खंडाची स्वतंत्र संघटना व स्वतंत्र स्पर्धा असावी असे त्यांनी ठरवले. इजिप्त, सुदान, इथिओपिया आणि दक्षिण आफ्रिका हे ते चार देश. एवढ्या मोठ्या खंडातून चारच देश का, असा प्रश्न पडेल. त्याचे उत्तर सरळ आहे. आफ्रिकेचा बहुतेक भाग तेव्हा इंग्रज, फ्रेंच, पोर्तुगीज आणि बेल्जियन यांच्या ताब्यात होता. सुदान १ जानेवारी १९५६ रोजी स्वतंत्र झाला होता, म्हणजे लिस्बनला आलेल्या त्याच्या प्रतिनिधींचा देश जेमतेम पाच महिन्यांचा होता. घाना स्वतंत्र व्हायला अजून नऊ महिने होते. लिस्बनच्या बैठकीनंतर काही महिन्यांतच सुएझ कालव्यावरून ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल यांनी इजिप्तवर हल्ला केला. अशा दिवसांत ८ फेब्रुवारी १९५७ रोजी खार्तूममध्ये आफ्रिकी फुटबॉल महासंघाची रीतसर स्थापना झाली आणि इजिप्तचे अब्देल अझीझ अब्दल्ला सालेम तिचे पहिले अध्यक्ष झाले. दोनच दिवसांनी चषकाचा पहिला सामना ठेवला होता.

चारही देशांत गोऱ्यांची सत्ता होती ती फक्त दक्षिण आफ्रिकेत. १९४८ मध्ये तिथे नॅशनल पार्टी निवडून आली आणि जो वर्णभेद आधी रूढीने चालत होता त्याला कायद्याचे कोंदण मिळाले. १९५० च्या कायद्याने प्रत्येक माणसाची वर्णवार नोंद सुरू झाली आणि त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने कोणी कोणत्या वस्तीत राहायचे हेही सरकार ठरवू लागले. फुटबॉलचे तिथे चार तुकडे होते. गोऱ्यांची संघटना वेगळी, काळ्यांची वेगळी, हिंदी वंशाच्या लोकांची वेगळी आणि मिश्रवर्णीयांची वेगळी. १९५१ मध्ये यांतील तीन बिनगोऱ्या संघटना एकत्र आल्या आणि त्यांनी एक फेडरेशन उभे केले. त्यांच्या खेळाडूंची संख्या गोऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त होती, परंतु फिफाची मान्यता गोऱ्यांकडेच राहिली. इकडे लिस्बनची बैठक उरकली आणि त्याच जून महिन्यात दक्षिण आफ्रिकेचे अंतर्गत व्यवहार मंत्री डोंगेस यांनी सरकारचे क्रीडाधोरण जाहीर केले. गोऱ्यांनी आणि बिनगोऱ्यांनी आपापले खेळ वेगळे खेळावेत, देशात मिश्र सामने होऊ नयेत आणि परदेशी मिश्र संघ जाऊ नये, असे ते धोरण होते.

अशा धोरणाच्या देशाने आफ्रिकेच्या चषकाला संघ पाठवायचा तो कसा? त्याची सर्वमान्य हकिकत अशी की, दक्षिण आफ्रिकेच्या संघटनेने दोन पर्याय पुढे ठेवले. हवा तर संपूर्ण गोरा संघ घ्या, हवा तर संपूर्ण काळा संघ घ्या, पण दोघे एका संघात मिळणार नाहीत.

हा पर्याय वरवर पाहता उदार वाटतो आणि त्यातच त्याची खुबी आहे. काळ्यांना खेळू देणार नाही असे ते म्हणत नव्हते. काळा संघही पाठवायची तयारी होती. नाकारली जात होती ती फक्त एकत्र उभे राहण्याची गोष्ट. यजमानांना स्पर्धा कशीही करून साजरी करायची असती तर काळा संघ बोलावून मोकळे होता आले असते. आफ्रिकेच्या स्पर्धेत काळा संघ आला, मग तक्रार कसली, असे म्हणायलाही जागा होती. पण खार्तूममध्ये जमलेल्या मंडळींनी हा सापळा ओळखला. वेगळा काळा संघ मान्य करणे म्हणजे माणसांचे वेगळे खाने मान्य करणे होय. त्यांनी सांगितले, संघ एकच हवा आणि त्यात सगळे हवेत. दक्षिण आफ्रिका आली नाही.

नकार देणाऱ्यांत दोन मुस्लिमबहुल देश होते आणि तिसऱ्या देशावर ख्रिस्ती सम्राटाचे राज्य होते. हे मुद्दाम नमूद करायला हवे. हज्जतुल विदाच्या खुतब्यातली मसावातची शिकवण आपण मिलादच्या जलशांतून दरवर्षी ऐकतो. गोऱ्याला काळ्यावर किंवा अरबाला अजमीवर श्रेष्ठत्व नाही, हे आपल्या लहान मुलांनाही माहीत असते. पण मिंबरवरून सांगितलेला उसूल व्यवहारात आणायची वेळ येते तेव्हा त्याची काही किंमत मोजावी लागते. खार्तूमला ती किंमत ताबडतोब मोजावी लागली. आधीच चार संघांची स्पर्धा, त्यातला एक गेला. इथिओपियाचा उपांत्य सामना दक्षिण आफ्रिकेशी होता, तो न खेळताच इथिओपिया अंतिम फेरीत पोहोचला. १० फेब्रुवारीला इजिप्तने यजमान सुदानला २-१ असे हरवले आणि १६ फेब्रुवारीला अंतिम सामन्यात इथिओपियाचा ४-० असा पराभव केला. चारही गोल एकाच खेळाडूने, अद-दीबाने केले. झाली स्पर्धा. जगातल्या वृत्तपत्रांना दखल घ्यावीशी वाटावी असे त्यात काही नव्हते.

ज्या काळ्या खेळाडूंना आपला देश अंगावर सदरा घालू देत नव्हता, ते काय करीत होते? प्रिटोरियाजवळ वाढलेला स्टीव्ह मोकोने इंग्लंडला जायला निघाला तेव्हा पासपोर्टसाठी त्याला दीर्घकाळ ताटकळावे लागले. इंग्लंडमधून तो हॉलंडला गेला आणि १९५७ साली, म्हणजे नेमके खार्तूमच्या वर्षी, हेराक्लीस या क्लबकडून खेळू लागला. त्या क्लबच्या मैदानातील प्रेक्षकांच्या एका सज्जाला आज त्याचे नाव आहे. परक्या देशाने त्याचे नाव कोरले, स्वतःच्या देशाने त्याला उमेदीच्या काळात राष्ट्रीय संघात घेतले नाही.

सगळ्यांना मोकोनेसारखे बाहेर पडता येत नव्हते. जे मागे राहिले त्यांनी १९६१ मध्ये वर्णभेद न मानणारी व्यावसायिक लीग सुरू केली. काळे, हिंदी, मिश्रवर्णीय असे सगळे खेळाडू तीत खेळत आणि प्रेक्षकही तुडुंब जमत. सरकारने या लीगवर उघड बंदी घातली नाही. त्याने फक्त मैदाने बंद केली. एप्रिल १९६३ मध्ये जोहान्सबर्गच्या नटालस्प्रेट मैदानाला, जे हिंदी लोकांचे क्रीडांगण होते, सामन्याच्या दिवशी कुलूप लागले. तेव्हा हजारो प्रेक्षक भिंती ओलांडून आत शिरले. आत गोलपोस्ट नव्हते, तर तेही बाहेरून आणून उभे केले आणि सामना खेळवला. परंतु दर आठवड्याला कोणी भिंत ओलांडू शकत नाही. मैदाने मिळेनाशी झाली आणि काही वर्षांतच ती लीग मोडली.

ही सगळी दूरदेशची कथा आहे असे कोकणातल्या वाचकाने तरी समजू नये. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रत्नागिरी, कुलाबा आणि जंजिरा भागांतून कितीतरी कोकणी मुसलमान केपटाऊनला गेले आणि तिथेच स्थायिक झाले. आजही तिथे कोकणी आडनावांची घरे आहेत. १९५० च्या नोंदणी कायद्यात त्यांची गणना ‘हिंदी’ या खान्यात झाली. त्यांच्याच मशिदीत शेजारी नमाज पढणारे मलायी मुसलमान मात्र मिश्रवर्णीयांच्या खान्यात गेले. दोन्ही समाजांत सोयरिकी झालेल्या होत्या, त्यामुळे एका घरात दोन खाने अशीही स्थिती आली. केपटाऊनमधला डिस्ट्रिक्ट सिक्स हा भाग अशा सरमिसळ वस्तीचा होता. ११ फेब्रुवारी १९६६ रोजी सरकारने तो गोऱ्यांसाठी राखीव केला आणि पुढच्या काही वर्षांत सुमारे साठ हजार माणसांना तिथून हलवून घरे जमीनदोस्त केली. मशिदी आणि चर्च तेवढी उभी राहिली. जमातीतले लोक मैलोन्‌मैल दूर फेकले गेल्यावर उजाड माळावर उभी असलेली मशीद कशी दिसत असेल, याची कल्पना ज्याच्या गावात धरणात घरे गेली आहेत त्याला येईल.

खार्तूमचा नकार त्यामुळे एका स्पर्धेपुरता राहिला असता तर त्याचे मोल थोडे झाले असते. तो पुढे चालू ठेवावा लागला आणि तेच अवघड होते. सप्टेंबर १९६१ मध्ये फिफाने दक्षिण आफ्रिकेला निलंबित केले. परंतु फिफाचे अध्यक्ष सर स्टॅन्ले राऊस हे राजकारण आणि खेळ वेगळे ठेवा असे सांगणाऱ्यांपैकी होते. जानेवारी १९६३ मध्ये ते स्वतः दक्षिण आफ्रिकेला जाऊन आले आणि निलंबन उठवले गेले. तेव्हा तिथल्या गोऱ्या संघटनेने पुढचा बेत सांगितला. १९६६ च्या विश्वचषकाला गोरा संघ पाठवू आणि १९७० च्या विश्वचषकाला काळा! सहा वर्षांपूर्वी खार्तूमला मांडलेला तोच हिशेब, फक्त आता पाळीपाळीने. आफ्रिका आणि आशियातील नवस्वतंत्र देशांची संख्या तोवर वाढली होती. ऑक्टोबर १९६४ मध्ये टोकियोच्या अधिवेशनात त्यांनी मतदान करून दक्षिण आफ्रिकेला पुन्हा निलंबित केले.

त्याच सुमारास दुसरा प्रश्न पेटला. १९६६ च्या विश्वचषकात सोळा संघ होते आणि त्यांत आफ्रिकेसाठी एकही हमखास जागा नव्हती. आफ्रिकेच्या विजेत्याने आशियाच्या विजेत्याशी झुंजून एकच जागा मिळवायची होती. आफ्रिकी देशांनी त्या विश्वचषकावर बहिष्कार टाकला. फिफाने त्यांना दंड केला. पण १९७० साठी आफ्रिकेला स्वतःची जागा मिळाली आणि मोरोक्को मेक्सिकोत खेळला. बहिष्कार यशस्वी झाला असे इतिहास म्हणतो. मात्र त्याची किंमत कोणी दिली तेही लिहायला हवे. घानाच्या संघाने १९६३ आणि १९६५ असे लागोपाठ दोन आफ्रिका चषक जिंकले होते. तो संघ भर बहरात असताना विश्वचषकाला मुकला आणि घानाला विश्वचषकाचे मैदान दिसले ते थेट २००६ मध्ये. ती पिढी तोवर म्हातारी झाली होती. उसूल नेते ठरवतात, त्याची झळ खेळाडूच्या चार-पाच उमेदीच्या वर्षांना लागते. आपल्या देशानेही अशी किंमत एकदा दिली आहे. १९७४ मध्ये भारत डेव्हिस चषक टेनिसच्या अंतिम फेरीत पोहोचला होता. समोर दक्षिण आफ्रिका होती. भारताने खेळायला नकार दिला आणि चषक न खेळताच दक्षिण आफ्रिकेकडे गेला. अमृतराज बंधूंच्या संघाला अंतिम लढत खेळायलाही मिळाली नाही.

बाहेरचे जग नकार देत होते तेव्हा आत, रॉबेन बेटाच्या तुरुंगात, राजकीय कैदी फुटबॉल खेळण्याची परवानगी मागत होते. ती मागणी वर्षानुवर्षे फेटाळली गेली आणि मागणाऱ्यांना शिक्षाही झाल्या. अखेर परवानगी मिळाली तेव्हा कैद्यांनी माकाना फुटबॉल असोसिएशन नावाची रीतसर संघटना काढली, फिफाच्या नियमपुस्तकाप्रमाणे सामने खेळवले आणि पंच नेमले. तक्रारीसुद्धा लेखी घेतल्या. त्याच तुरुंगात नेल्सन मंडेला आणि अहमद कथराडा होते. कथराडा हे हिंदी वंशाचे मुसलमान. दोघांचा खटला एकच आणि शिक्षाही एकच, जन्मठेप. पण तुरुंगात शिरताच कथराडांना लांब विजार मिळाली आणि मंडेलांना, काळे म्हणून, पोरांसारखी अर्धी चड्डी. कथराडांच्या ताटात पाव पडे, मंडेलांच्या ताटात नाही. खार्तूमने जे खाने नाकारले ते हेच होते. ज्याला वरचा खाना मिळतो त्याला तो सुखाचा वाटू शकतो, म्हणूनच ही व्यवस्था टिकते. कथराडा आणि त्यांचे सोबती सर्वांना सारखेच मिळावे म्हणून भांडत राहिले.

१९७६ च्या जूनमध्ये सोवेटोत शाळकरी मुलांवर गोळीबार झाला आणि पुढच्याच महिन्यात फिफाने दक्षिण आफ्रिकेला कायमचे बाहेर काढले. सोळा वर्षांनी, मंडेला सुटल्यावर आणि चारही तुकड्यांची एक संघटना झाल्यावर, त्या देशाला परत प्रवेश मिळाला. ७ जुलै १९९२ रोजी दरबानला कॅमेरूनविरुद्ध पुनरागमनाचा पहिला सामना झाला आणि तो दक्षिण आफ्रिकेने १-० असा जिंकला.

१९९६ चा आफ्रिका चषक खरे तर केनियात व्हायचा होता. केनियाला तो झेपला नाही म्हणून तो दक्षिण आफ्रिकेकडे आला. ज्या संघाने १९५७ साली पहिल्या स्पर्धेला पाठ दाखवली होती, तो एकोणचाळीस वर्षांनी या चषकात प्रथमच उतरला आणि तोही यजमान म्हणून. ३ फेब्रुवारी १९९६ रोजी जोहान्सबर्गच्या भरगच्च मैदानात अंतिम सामना ट्युनिशियाशी झाला. केपटाऊनचा मिश्रवर्णीय खेळाडू मार्क विल्यम्स बदली म्हणून आला आणि त्याने दोन मिनिटांच्या अंतराने दोन गोल केले. कर्णधार नील टोवी गोरा होता, बचावात ल्युकस राडेबे काळा आणि मार्क फिश गोरा, असे दोघे खांद्याला खांदा लावून होते. संघाचा सदरा घातलेले राष्ट्राध्यक्ष मंडेला चषक द्यायला उभे होते. आदल्या वर्षीच्या रग्बी विश्वचषकावर पुढे हॉलिवूडचा चित्रपट निघाला, म्हणून तो जगाला माहीत आहे. पण रग्बीच्या त्या संघात बिनगोरा खेळाडू एकच होता. खार्तूमने मागितलेला संघ पाहायचा असेल तर फुटबॉलच्या या विजयाकडे पाहावे.

त्याच स्पर्धेत गतविजेता नायजेरिया गैरहजर होता. १० नोव्हेंबर १९९५ रोजी तिथल्या लष्करी राजवटीने लेखक केन सारो-विवा आणि त्यांच्या आठ साथीदारांना फाशी दिले. मंडेलांनी कडक शब्दांत निषेध केला आणि चिडलेल्या राजवटीने संघ पाठवला नाही. नायजेरियाच्या खेळाडूंचा त्यात काही गुन्हा नव्हता. या चषकाच्या इतिहासात असे उपाशी राहिलेले खेळाडू जागोजागी भेटतात.

आता एक कडवट गोष्ट. ज्या तिघांनी १९५७ मध्ये नकार दिला त्यांचे स्वतःचे घर स्वच्छ होते का? सुदानच्या दक्षिण भागातील काळ्या, बहुतांश ख्रिस्ती आणि आपापले पारंपरिक धर्म पाळणाऱ्या जनतेचा खार्तूमच्या सत्तेविरुद्ध संघर्ष १९५५ मध्येच सुरू झाला होता. लाखो माणसे त्यात मेली आणि अखेर २०११ मध्ये दक्षिण सुदान वेगळा झाला. इथिओपियाने १९६२ मध्ये इरिट्रिया गिळला. त्याच वर्षी आफ्रिका चषक जिंकणाऱ्या इथिओपियाच्या संघाचा कर्णधार, लुसियानो वासालो, इरिट्रियातला होता. दुसऱ्याचा वर्णभेद ओळखणे सोपे असते. आपल्या अंगणातला भेदभाव आपल्याला परंपरा वाटतो किंवा सुरक्षेचा प्रश्न वाटतो. याने खार्तूमचा नकार खोटा ठरत नाही. मात्र एकदा दिलेला नकार आयुष्यभर पुरत नाही, एवढे त्यातून कळते.

हा धडा आपल्याला नवा नाही. मुंबईत १९४६ पर्यंत क्रिकेटची पंचरंगी स्पर्धा होत असे. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि ‘बाकीचे’ असे तिचे पाच संघ. विजय हजारे ख्रिस्ती, म्हणून ते बाकीच्यांकडून खेळत. मैदान भरून जाई, खेळही अव्वल दर्जाचा होई आणि आपल्या बुजुर्गांनी मुस्लिम संघाच्या विजयाच्या आठवणी मोठ्या अभिमानाने सांगितल्या आहेत. तो अभिमान खोटा नव्हता. तिथे कायद्याची सक्ती नव्हती आणि तेच खेळाडू हिंदुस्थानच्या संघात एकत्रही खेळत, हा मोठा फरक मान्य करूनही प्रश्न उरतोच. धर्मावार संघ पाहायची सवय लागलेल्या डोळ्यांना धर्मावार देश पाहणे सोपे गेले नसेल का? गांधीजींनी १९४० मध्ये या स्पर्धेला विरोध केला तेव्हा पुष्कळांना तो खेळातला नसता हस्तक्षेप वाटला होता.

आज गावोगावी पुन्हा जातीच्या, जमातीच्या, बिरादरीच्या नावाने स्पर्धा भरतात. ‘फक्त आपल्या समाजातील खेळाडूंसाठी’ अशी ओळ फलकावर असते. कोणाचे वाईट चिंतून कोणी ती लिहीत नाही. मुलांना उत्तेजन मिळावे, समाज एकत्र यावा हाच हेतू असतो. पण ज्या मुलाच्या नावापुढे ते आडनाव नाही तो दोरीच्या बाहेर उभा राहून चेंडू आणून देतो, आणि तो बहुधा त्याच मशिदीत त्याच सफमध्ये उभा राहणारा असतो. आफ्रिका चषकाचा इतिहास अशा फलकासमोर ठेवण्याजोगा आहे. १९५७ मध्ये ज्यांच्यापाशी जेमतेम चार संघ होते त्यांनी एक सोडला आणि तीनवर स्पर्धा केली. आपल्या गावातल्या स्पर्धेत तर एक ओळ पुसली की संघ वाढतील.